वार अडवायचा की चुकवायचा? लॉन्गस्वोर्डवाल्यांनो, पट्टेवाल्यांनो, जरा मदत करा

सांजवारा | 3 नोव्हेंबर, 22:10

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने मी इथे जर्मनीत ऑग्सबुर्गला हेमा करतेय, म्हणजे हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स. त्यातली लॉन्गस्वोर्ड, दोन्ही हातांनी धरायची लांब सरळ तलवार. दर शनिवारी एका शाळेच्या जिममध्ये आमचा क्लब भरतो, पंधरा-वीस जण असतो. सरावाची तलवार बोथट पोलादी, तिला फेडर म्हणतात, साधारण 130 सेंमी लांब आणि वजन दीड किलोच्या आसपास. अंगात जाड जॅकेट, डोक्याला मास्क, हातात भलेमोठे ग्लोव्ह.

तर अडचण अशी आहे की ड्रिलमध्ये समोरचा त्याच्या उजव्या खांद्यावरून तिरका वार करतो, मी उजवा पाय लांब उजवीकडे टाकून अंग त्या वाराखालून काढते आणि हात फुलीसारखे करून त्याच्या मनगटावर मारते. याला क्रुम्पहाउ म्हणतात. ड्रिलमध्ये दहातले नऊ वेळा जमतं. पण खरं खेळायला उभं राहिलं की काहीतरी बिनसतं. लवकर हलले तर तो वार मध्येच वळवतो आणि मी जिथे गेले तिथेच आणून ठेवतो. थांबले तर डाव्या दंडावर बसतो, आत्ता हे टाइप करताना पण दंड हिरवानिळा आहे. मग मी घाबरून सरळ मागे जाते, तो परत येतो, मी परत मागे, शेवटी पाठ भिंतीला. ट्रेनर ओरडतात पळू नकोस. पण मी पळत नाहीये हो, मी चुकवतेय!

म्हणून मनापासून विचारायचंय, की अंग काढून वार चुकवणं हे खऱ्या झुंजीत चालतं का, की जुन्या पुस्तकातल्या चित्रांपुरतंच आहे? तुम्हाला कधी जमायला लागलं, आणि नेमकं काय बदललं तेव्हा?


चहाबाज | 22:31

"मी हेमा करतेय" वाचून आधी वाटलं मावशीवर धागा आहे. आमच्या घराण्यात दोन हेमा आहेत आणि दोघींचे वार आजपर्यंत कुणाला चुकवता आलेले नाहीत :)
विषय भारी आहे, वाचतोय.


अनुस्वार | 22:50

एक साधा प्रश्न. त्याचा वार सुरू होतो तेव्हा तुमच्या दोघांत अंतर किती असतं? त्याला तुझ्यापर्यंत पोचायला पाऊल टाकावं लागतं, की जागेवरून नुसते हात लांब केले तरी पोचतो?


सांजवारा | 23:02

@अनुस्वार, कधी पाऊल टाकतो कधी नाही. खरं सांगायचं तर मी कधी मोजलंच नाही. तो 6 फूट 2 इंच आहे आणि मी 5 फूट 3.


लीड्सकर | 4 नोव्हेंबर, 02:15

अनुस्वार यांनी बरोबर नाडी पकडली.

मी इथे इंग्लंडमध्ये सहा वर्षं खेळतोय, आधी लॉन्गस्वोर्ड मग बॅकस्वोर्ड. माझं जे काही डोकं उघडलं ते जॉर्ज सिल्व्हरमुळे. 1599 मध्ये त्याने पॅराडॉक्सेस ऑफ डिफेन्स नावाचं पुस्तक काढलं, लंडनमध्ये येऊन रेपिअर, म्हणजे टोकाने भोसकायची लांब बारीक तलवार, शिकवणाऱ्या इटालियन मास्तरांवर त्याचा भयंकर राग होता आणि तो पानोपानी दिसतो, पण त्या रागाच्या पोटात एक सोन्यासारखी गोष्ट आहे. तो म्हणतो हालचालीचे चार खरे वेळ आहेत: हाताचा, हात आणि अंगाचा, हात अंग आणि एका पावलाचा, आणि हात अंग आणि अनेक पावलांचा. हात सगळ्यात चपळ, पाय सगळ्यात मंद. म्हणून हात आधी सुटला पाहिजे आणि पाय त्याच्या मागून यायला पाहिजे, जो आधी पाय टाकतो आणि मग हात आणतो तो खोट्या वेळेत आला.

आता हे उलट्या बाजूने बघ. तू त्याच्या हाताच्या टप्प्यात उभी असशील तर त्याला फक्त हाताचा वेळ लागतो आणि तुला मात्र अंग हलवायचंय, म्हणजे तुझा मंद वेळ त्याच्या चपळ वेळेशी शर्यत लावतोय. शिवाय डोळ्याने बघून अंग हलायला सुरुवात व्हायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. ती शर्यत तू दर वेळी हरणार, कितीही सराव कर. पण त्याला पाऊल टाकावं लागेल एवढ्या लांब उभी राहिलीस की तेच गणित तुझ्या बाजूला येतं.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: चालतं, पण लांबून. जवळ आलात की चुकवण्याचा विचार सोड, तिथे तलवारीनेच झाक आणि अडव.

रच्याकने, कधी लीड्सला आलीस तर रॉयल आर्मरीज बघच. आत्तापर्यंत सापडलेलं युरोपातलं सगळ्यात जुनं तलवारबाजीचं हस्तलिखित तिथे आहे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आय 33 म्हणतात त्याला. एक पाद्री शिष्याला तलवार आणि छोटी ढाल शिकवतोय आणि शेवटच्या चित्रांमध्ये शिष्याच्या जागी वालपुर्गिस नावाची बाई आहे, पाद्र्याच्या बरोबरीने लढतेय. तुला आवडेल.


पट्टेकरी | 4 नोव्हेंबर, 07:40

ताई, मी कोल्हापूरचा. मर्दानी खेळात लहानपणापासून आहे, लाठी, फरी-गदगा, पट्टा. तुमची ती तलवार मी कधी हातात धरलेली नाही त्यामुळं तिच्याबद्दल बोलणार नाही. पण पायाबद्दल बोलतो.

आमच्या वस्तादांनी पहिले तीन महिने हातात काय दिलं नव्हतं. नुसता पवित्रा. गुडघे मोडलेले, टाचा हलक्या, कमरेवरचं अंग सैल, आणि पुढं मागं आडवं तिरकं नुसतं फिरत राहायचं. आम्हाला कंटाळा यायचा, काठी द्या म्हणून मागं लागायचो. ते एकच म्हणायचे, "पाय रुतू द्यायचा न्हाई." आता पेपरात रोज छापून येतं अमक्या नेत्यानं पवित्रा घेतला, तमक्यानं पवित्रा बदलला, वाचणाऱ्याला वाटतं पवित्रा म्हणजे मत. पवित्रा म्हणजे पाय. आणि बदलत राहिला तरच तो पवित्रा.

तुम्ही लिहिलंय "थांबले तर दंडावर बसतो". थांबता म्हणजे नेमकं काय करता? माझा अंदाज, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन रुतता. तिथून कुठल्याही बाजूला जायचं तर आधी वजन एका पायावर घ्यायला लागतंय, त्यातच वेळ जातो. वजन आधीच एका पायावर असलं की दुसरा पाय मोकळा.

आणि लीड्सकर साहेब, तुम्ही सांगितलेली तलवार आणि छोटी ढाल म्हणजे आमची फरी-गदग्याचीच जोडी की! चामड्याची लहान फरी एका हातात, चामडं गुंडाळलेला गदगा दुसऱ्या हातात. एकदा चित्रं बघायला पाहिजेत.


रणगाडा | 4 नोव्हेंबर, 10:05

एवढा काथ्याकूट कशाला ते कळत नाही. तलवार घट्ट धरा, वार अडवा, उलटा मारा. मावळे काय नाचत होते का रणांगणावर? चुकवणं बिकवणं सिनेमात छान दिसतं.


पट्टेकरी | 4 नोव्हेंबर, 10:22

रणगाडा साहेब, मावळ्यांच्या डाव्या हातात ढाल होती. दोन्ही हातांनी एकच तलवार धरल्यावर ढाल कुठून आणायची?


लीड्सकर | 4 नोव्हेंबर, 13:30

@रणगाडा, सांजवारा जी जर्मन परंपरा शिकतेय तिचा मूळ गुरू लिख्टेनाउअर, त्याची शिकवण यमकात बांधलेली आहे आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की नुसत्या अडवण्यापासून जपून राहा, ते करायची वेळ आली तर त्रास तुलाच. कारण असं की तू फक्त अडवत राहिलास तर पुढचा वारही त्याचाच. पुढाकार असणं म्हणजे फोर, मागून येणं म्हणजे नाख, आणि दोन्हीच्या मधला तो क्षण, समोरच्याचं चालू असतानाच आपलं सुरू करणं, तो इन्डेस. सगळा खेळ त्या इन्डेसचा आहे.


एपेवाली | 4 नोव्हेंबर, 19:48

मी ऑलिम्पिकवाली फेन्सिंग खेळायचे, एपे, कॉलेज संपेपर्यंत. रणगाडा यांच्याशी अर्धी सहमत आहे, अर्ध्याचं कारण सांगते.

एपेमध्ये अंगावर कुठेही टोक लागलं की पॉइंट, आणि दोघांचं टोक सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत लागलं तर दोघांनाही पॉइंट. अशा खेळात नुसतं अंग काढण्याला शून्य किंमत आहे. तुम्ही सुंदर वाकलात, त्याचं टोक कानाजवळून गेलं, टाळ्या. पुढे काय? तो अजून तिथेच आहे आणि तुमचा तोल गेलाय. माझ्या कोचचा एकच नियम होता, अंग हलायच्या आधी हात लांब झालेला पाहिजे. टोक त्याच्या दिशेला गेलेलं असेल तर चुकवणं हा हल्ला, नसेल तर ती कसरत.

पासाता सोत्तो नावाचा प्रकार आहे, समोरचा झेपावला की डावा हात जमिनीला टेकवून एकदम खाली बसायचं आणि टोक वर धरायचं, तोच येऊन त्यावर आपटतो. दिसायला इतकं देखणं की सगळ्या नवीन मुलींना तेच करायचं असतं. मी पूर्ण स्पर्धेत फार तर एकदा करायचे, आणि ते पण ज्याच्याशी आधी कधी खेळले नाही त्याच्याशीच. दुसऱ्यांदा केलं की तो खालीच वाट बघत असतो.

म्हणून सांजवारा, माझा सल्ला की दहातले सात वेळा अडवच, पण अडवता अडवता अर्धं पाऊल बाजूला हो. दोन्हीपैकी एक फसलं तर दुसरं आहे.


गणितमास्तर | 4 नोव्हेंबर, 21:15

तलवारबाजीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण उंचीचा मुद्दा आला म्हणून कागद घेऊन बसलो.

समजा खांदा जमिनीपासून 140 सेंमीवर आहे आणि खांद्यापासून तलवारीच्या टोकापर्यंत 160 सेंमी. हात सरळ समोर धरला तर टोक 160 सेंमी लांब पोचतं. डोकं 165 सेंमीवर धरलं तर खांद्याच्या वर 25, पायथागोरस लावला की 158 सेंमी. पण गुडघा 50 सेंमीवर, म्हणजे खांद्याच्या 90 सेंमी खाली, तिथे तिरकं जावं लागतं आणि आडवा पल्ला उरतो साधारण 132 सेंमी. म्हणजे त्याच जागेवरून पायावर वार करणाऱ्याचा पल्ला डोक्यावर वार करणाऱ्यापेक्षा 26 सेंमीने कमी. वितभरापेक्षा जास्त झालं हे.

तर जो पायावर मारायला जातो त्याच्या समोरच्याने पाय जरासा मागे घेतला आणि सरळ डोक्यावर मारलं तर? मला वाटतं हे कुणालातरी आधीच सुचलं असणार.


लीड्सकर | 5 नोव्हेंबर, 01:40

@गणितमास्तर, दंडवत! सहाशे वर्षांपूर्वी सुचलेलं आहे. इटलीतला फिओरे देई लिबेरी, 1410 च्या सुमाराचं त्याचं पुस्तक, त्यात नेमकं हेच: कुणी पायावर वार केला तर पुढचा पाय मागे घे आणि त्याच्या डोक्यावर वरून घाव घाल. वर तो हेही सांगतो की दोन हातांच्या तलवारीने गुडघ्याच्या खाली मारूच नये, मारणाऱ्यालाच फार धोका. जर्मन लोक यालाच युबरलाउफेन म्हणतात, जो खाली गेला त्याला वरून गाठायचं. आणि हे पुढे चारशे वर्षं टिकलं, 1798 मध्ये रोवर्थ नावाच्या इंग्रजाने ब्रॉडस्वोर्ड आणि सेबरवर पुस्तक काढलं त्यातही पाय मागे ओढून वार करणं आहेच.

नवशिक्याला वार चुकवायला शिकवायचं असेल तर मी इथूनच सुरुवात करतो. कारण यात डोकं हलवायचं नसतं, नुसता एक पाय मागच्या पायाला जाऊन भिडतो, अंग उंच होतं, हात आपोआप लांब होतात. चुकवणं आणि मारणं एकाच हालचालीत.


सांजवारा | 5 नोव्हेंबर, 07:05

थांबा थांबा. गणितमास्तर, तुमचा हिशोब वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले. मी गेले चार महिने त्याच्या पायावर मारतेय! तो उंच, डोकं लांब वाटतं, म्हणून पाय जवळ असं मला आपलं वाटत होतं. आणि दर वेळी माझ्याच मास्कवर ठण्णकन वाजतं. म्हणजे तो चुकवत होता आणि ते चुकवणं आहे हे मला कळत पण नव्हतं, कारण तो कुठे उडी मारत नाही, वाकत नाही, फक्त एक पाय उचलून मागे ठेवतो.


फिरस्ता | 5 नोव्हेंबर, 16:20

तीन वर्षं इटलीत होतो तेव्हा रेपिअर शिकलो, आता बंगळूरला आहे. एपेवालींनी सांगितलंय त्यात थोडी भर.

रेपिअरमध्ये इन्क्वार्ताता म्हणून एक आहे. समोरच्याचं टोक छातीवर येतंय, तुम्ही मागचा डावा पाय पाठीमागून उजवीकडे टाकता, अंग दारासारखं फिरतं, त्याचं टोक छातीसमोरून निघून जातं आणि तुमचं टोक त्याच्या अंगात. मला पहिलं वर्षभर वाटायचं की यात पाय महत्त्वाचा. मास्तरांनी एक दिवस माझे पायच बंद केले, जागेवर उभा राहा म्हणाले आणि नुसती तलवार त्याच्या तलवारीवर ठेव. माझ्या तलवारीचा मुठीकडचा जाड भाग त्याच्या टोकाकडच्या बारीक भागावर, जोर न लावता, नुसती असल्यासारखी. दहातल्या सहा वेळा त्याचं टोक आपोआपच चार बोटं बाहेर गेलं. मग म्हणाले, आता राहिलेल्या चार वेळांसाठी पाय हलव.

तेव्हा समजलं की अंग काढायचं ते एक वीतभर काढायचं, हातभर नाही. साल्वातोर फाब्रिसची 1606 ची चित्रं बघा, डेन्मार्कच्या राजाच्या, चौथ्या ख्रिश्चनच्या पदरी असताना काढलेलं पुस्तक आहे. माणसं विचित्र वाकलेली दिसतात, कमरेतून पार खाली, पण तलवार बघितली तर दोघांच्या तलवारी चिकटलेल्या आहेत. तलवार आधी, अंग मागून.

अवांतर: सांजवारा, तू ऑग्सबुर्गला आहेस म्हणून सांगतो. तिथे सोळाव्या शतकात पाउलुस हेक्टर मायर नावाचा नगरपालिकेचा अधिकारी होता. त्याला तलवारबाजीच्या पुस्तकांचं इतकं वेड की जुनी हस्तलिखितं जमवली, चित्रकार आणि तलवारबाज पदरी लावून स्वतःचे प्रचंड ग्रंथ करून घेतले. खर्च भागेना तेव्हा शहराच्या तिजोरीत हात घातला, आणि 1579 मध्ये फाशी गेला.


सांजवारा | 5 नोव्हेंबर, 18:44

बापरे. मी रोज ट्रॅमने टाउन हॉलसमोरून जाते, हे कुणी सांगितलंच नव्हतं!


फिरस्ता | 5 नोव्हेंबर, 18:59

आत्ताचा टाउन हॉल त्याच्या नंतरचा, 1615 ते 1620 मध्ये बांधलेला. पण शहर तेच.


चहाबाज | 5 नोव्हेंबर, 20:30

बाउन्सर सोडताना सुद्धा हेच नाही का? नजर बॉलवर ठेवून शेवटच्या क्षणी डोकं काढायचं. जो आधीच खाली बसतो त्याच्याच हेल्मेटवर बसतो, कारण बॉल उसळलाच नाही तर?


खांबावरची | 6 नोव्हेंबर, 11:30

मी तलवारबाजी बघितलेली पण नाही, पण हा धागा सकाळपासून दोनदा वाचला, कारण सांजवाराची जी अडचण आहे ती मला ओळखीची आहे. मी अकरा वर्षं खो-खो खेळले, शाळा, जिल्हा, मग विद्यापीठ.

पळणाऱ्या मुलीचं काम काय? चुकवणं. हातात काही नाही, अडवायची सोयच नाही, नऊ जणींच्या विरुद्ध नुसते पाय. नवीन मुलीचं सगळ्यात मोठं चुकतं ते हेच, ती आधी पळते. मारणारीने अजून ठरवलेलं पण नसतं आणि ही निघते, मग मारणारी निवांत खो देते आणि जिला खो मिळाला ती समोरच उभी. लवकर हललीस की तू माहिती दिलीस. सांजवारा म्हणते ना, "मी जिथे गेले तिथेच वार आणून ठेवतो", डिट्टो तेच.

आता खो-खोत एक नियम आहे, मारणारीने एकदा दिशा घेतली की उलटं फिरता येत नाही, खांद्याची रेषा फिरली तरी फाऊल. म्हणून आमच्या बाई सांगायच्या, हाताकडे बघू नकोस, चेहऱ्याकडे तर नाहीच, खांदा बघ. खांदा वळला म्हणजे दिशा घेतली. दिशा घेईपर्यंत तू जागेवर हल, झुल, हूल दे, पण जाऊ नकोस. दिशा घेतली की जा, आणि तिच्या मागच्या बाजूला जा, कारण तिथे तिला येता येत नाही.

तलवारीत नियम नसेल, पण दीड किलोची तलवार एकदा जोरात निघाली की तिला पण उलटं फिरता येत नसणार ना? म्हणजे नियम नसला तरी वजन आहे. त्याला दिशा घेऊ दे. आणि ती मुद्दाम घ्यायला लाव. आम्ही साखळी खेळताना डावा खांदा जरा पुढे टाकायचो, मारणारीला वाटायचं आता ही डावीकडे चालली. तू पण त्याला काहीतरी दाखव की, घे, हा माझा खांदा उघडा आहे. त्याने कुठे मारावं ते तू ठरवलंस की मग बघायची गरजच राहत नाही, माहितीच असतं.


पट्टेकरी | 6 नोव्हेंबर, 12:10

खांबावरची ताई, एक नंबर. हूल कशी द्यायची हे आमच्यापेक्षा खो-खोच्या पोरींनाच जास्त कळतंय.


लीड्सकर | 6 नोव्हेंबर, 13:15

हे तर थेट नाखराइझेन! शब्दाचा अर्थच मागोमाग जाणं. लिख्टेनाउअरच्या शिष्यपरंपरेतलं 1452 चं एक हस्तलिखित आज रोममध्ये आहे, त्यात दोन प्रकार दिलेत. तो वार करायला तलवार उचलतो तेव्हाच त्याच्या मागोमाग शिरायचं, किंवा त्याचा वार हुकून तलवार खाली गेली की ती वर यायच्या आत गाठायचं. दोन्ही वेळा त्याने "दिशा घेतलेली" आहे. मी हे सहा वर्षं शिकतोय पण खांद्याची रेषा एवढं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मुद्दाम खांदा उघडा ठेवण्याला सुद्धा जुन्या पुस्तकांत मोठं स्थान आहे, तलवार खाली करून वरचं सगळं मोकळं सोडून उभं राहायचा एक पवित्राच आहे, आल्बर. शब्दाचा अर्थ भोळा, वेडगळ. तो भोळा दिसतो, असतो नाही.


रणगाडा | 6 नोव्हेंबर, 15:00

हे पटलं. ढालीचा मुद्दा पण मान्य. मी मागे घेतो, म्हणजे पाय मागे घेतो आणि वरून मारतो :)


जानुसंधी | 6 नोव्हेंबर, 21:05

फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून दोन गोष्टी, कृपया गांभीर्याने घ्या.

अंग फिरवून चुकवताना पाय जमिनीला चिकटलेला आणि गुडघा फिरतोय असं होऊ देऊ नका. जिमच्या रबरी फरशीवर ग्रिपवाले बूट घातले की हे फार होतं. आधी पाऊल वळवा, मग कंबर. गुडघ्याची लिगामेंट एकदा गेली की वर्ष जातं.

दुसरं, वार येताना तोंड फिरवायची सवय सगळ्यांनाच असते. फेन्सिंगच्या मास्कची जाळी पुढे असते, मागे नुसता पट्टा. तोंड फिरवलं म्हणजे तुम्ही डोक्याचा सगळ्यात कच्चा भाग पोलादासमोर धरला. मागच्या बाजूला लावायचं पॅड मिळतं, ते लावल्याशिवाय असले प्रयोग नकोत. इथे एपेवालींनी सांगितलेलं ते खाली बसायचं प्रकरण तर लॉन्गस्वोर्डसमोर अजिबात नको, टोक चुकेल पण धार मानेवर येईल.


एपेवाली | 6 नोव्हेंबर, 21:20

+1. शंभर टक्के. एपेला धारच नाही म्हणून ते चालतं, मी लिहायला हवं होतं.


सांजवारा | 23 नोव्हेंबर, 19:55

धागा वर काढतेय, कारण सांगायला काहीतरी आहे.

आधी अंतर. मागच्या शनिवारी खडू घेऊन गेले. त्याला पवित्र्यात उभं केलं, हात पूर्ण लांब करायला लावले, टोक जिथे आलं तिथे जमिनीवर रेघ मारली. मग एक पाऊल टाकून वार करायला लावला, तिथे दुसरी रेघ. दोन रेघांत जवळजवळ माझ्या चार पावलांचं अंतर, टाचेला अंगठा लावून मोजलेलं. मी आठ महिने पहिल्या रेघेच्या आत उभी राहत होते! सगळ्या क्लबने मग आपापल्या रेघा मारल्या, ट्रेनर बघतच राहिले.

मग पाय. पट्टेकरी दादा, तुमचं बरोबर निघालं, मी दोन्ही पायांवर रुतत होते. वजन डाव्या, पुढच्या पायावर ठेवलं, उजवा टाचेतून हलका. पहिल्यांदा मांडी थरथरायला लागली पण उजवा पाय खरंच मोकळा होता.

आणि काल खेळायला उभी राहिले. मी दुसऱ्या रेघेच्या जरा आत. तलवार उजव्या खांद्याशी धरली आणि डावा खांदा थोडा पुढे दिला, जसं खांबावरची ताईंनी सांगितलं. त्याच्या तलवारीकडे बघितलंच नाही. मास्कच्या जाळीतून त्याचा उजवा खांदा दिसत होता, जॅकेटवर तिथे एक शिवण उसवलेली आहे, तिच्यावरच नजर ठेवली. तो दोनदा नुसता हलला, हूल देत होता, शिवण तिथेच होती म्हणून मी गेले नाही. मला जायचं होतं, पाय अक्षरशः निघायला बघत होता. तिसऱ्यांदा ती शिवण पुढे आली, त्याचा पाय सुटला, आणि मी उजवीकडे गेले. लांब नाही, वीतभरच. त्याची तलवार माझ्या डाव्या बाजूने खाली गेली, वारा लागल्यासारखं वाटलं, आणि माझी त्याच्या ग्लोव्हवर होती. तो थांबला, मास्क वर केला आणि म्हणाला "परत कर".

परत केलं. एकूण पाच वेळा असं जमून आलं, त्यातले तीन वेळा फक्त माझा वार लागला आणि दोनदा डबल, दोघांनाही.


एपेवाली | 23 नोव्हेंबर, 20:12

काय मस्त लिहिलंस गं! ते दोन डबल कसे झाले, पाय आधी गेला की हात?


सांजवारा | 23 नोव्हेंबर, 20:20

दोन्ही वेळा पाय आधी. चुकवलं, मग "आता मार" असं डोक्यात आलं, मग मारलं. तेवढ्यात त्याने खालून परत वर आणली.


फिरस्ता | 23 नोव्हेंबर, 20:41

मग तेच. महिनाभर पाय बंद कर, जागेवर उभं राहून फक्त हात आधी सुटतो का बघ. एखाद्याला समोरून हळू, अगदी चहा ओतायच्या वेगाने वार करायला सांग. वेगात हे दिसत नाही.


पट्टेकरी | 23 नोव्हेंबर, 21:30

ताई, ते खडूच्या रेघेचं आमच्या तालमीत सांगितलं. मातीत पायानंच रेघ ओढली. पट्ट्याचा टप्पा काढला, मग काठीचा, मग पोरांनी आपापल्या उंचीप्रमाणं काढले. एक लहान पोरगी आहे, नववीतली, तिनं विचारलं की समोरचा माणूस रोज वेगळा असला तर रेघ कुठं मारायची. मी म्हटलं विचारून सांगतो.


सांजवारा | 23 नोव्हेंबर, 21:48

तिला सांगा, मी पण आता तेच करतेय. समोर नवीन कुणी आलं की पहिली दोन मिनिटं मारायला जातच नाही. लांब राहून त्याला दोन-तीन वार हवेत करू देते, आणि त्याचं टोक कुठवर येतं ते बघते.